किलोमीटर २२२६ ते १६४७: पासाउहून बुडापेस्टला, डॅन्यूबवरचे आठ दिवस

डॅन्यूबच्या काठाकाठाने आकड्यांच्या पाट्या उभ्या आहेत. पुष्कळ नद्यांचं अंतर वरून खाली मोजतात, डॅन्यूबचं मात्र मुखाकडून. रोमानियात सुलिनाला नदी काळ्या समुद्राला मिळते तिथे शून्य, आणि जर्मनीतल्या पासाउपाशी २२२६. त्यामुळे पासाउहून प्रवाहाबरोबर निघालेल्या बोटीवरून पाहिलं तर आकडे उतरत जातात आणि बुडापेस्टच्या साखळी पुलाशी १६४७ वर येतात. ५७९ किलोमीटर, चार देश (जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी), अकरा लॉक, म्हणजे धरणापाशी बोटीला वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणारे हौद.

लॉक अकरा, म्हणजे वाटेत धरणंही अकरा. पण ही धरणांची माळ तीन जागी तुटते: मेल्क ते क्रेम्सची वाखाउ दरी, व्हिएन्नाच्या खालचं नदीकाठचं जंगल, आणि स्लोव्हाकियातल्या गाबचिकोवोपासून थेट बुडापेस्टपर्यंतचा पट्टा. इथे नदी मोकळी वाहते. प्रवासातला सगळ्यात देखणा भाग इथेच आहे आणि बोटी अडतात त्याही इथेच, कारण पाणी अडवून खोली राखणारं खाली काही नाही. कोणत्या महिन्यात जायचं, कोणत्या कंपनीची बोट घ्यायची, कोणती खोली मागायची, या सगळ्याची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

निघण्याआधी

आधी पाण्याचं. वसंत ऋतू ते जून या काळात आल्प्समधलं बर्फ वितळतं, त्यात मोठा पाऊस आला की पूर. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पाणी उतरतं. प्रवासी बोटीला सुमारे दीड मीटर पाणी लागतं. जलमार्गासाठी ठरवलेलं उद्दिष्ट असं आहे की ‘किमान नौवहन पातळी’ला अडीच मीटर खोली मिळावी, आणि ही पातळी म्हणजे बर्फ नसलेल्या दिवसांपैकी ९४ टक्के दिवस जिच्या खाली पाणी जात नाही ती. उरलेले सहा टक्के म्हणजे वर्षाचे साधारण तीन आठवडे. २०१८ आणि २०२२ मध्ये ते बरेच लांबले. पुरात अडचण वेगळी असते: खोली भरपूर, पण पुलाखालून बोट जात नाही, लॉक बंद करतात. जून २०१३ आणि सप्टेंबर २०२४ ला ऑस्ट्रियात वाहतूकच थांबवावी लागली होती.

म्हणून बुकिंग करताना तीन प्रश्न लेखी विचारावेत. मधला पट्टा बंद झाला तर पलीकडे तुमची दुसरी बोट आहे का? असेल तर प्रवाशांना सामानासह बसने पलीकडे नेऊन तशाच खोलीत बसवतात आणि एखादा दिवसच विस्कटतो. नसेल तर बोट एका जागी हॉटेलसारखी उभी राहते आणि रोज तीन-तीन तास बसप्रवास घडतो. दुसरा प्रश्न, असं झालं तर पैसे परत मिळतात का? बहुतेक करारांत मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो, तेव्हा ते कलम वाचूनच सही करावी. तिसरा, प्रवास कोणत्या दिशेने? खाली येणारी बोट वेगात जाते. वाखाउतल्या दिवसभराच्या फेरी-बोटी मेल्कहून क्रेम्सला पावणेदोन तासांच्या आत-बाहेर पोचतात, उलट जायला सुमारे तीन तास लागतात. नुसतं निवांत बसून दरी पाहायची असेल तर बुडापेस्टहून वर येणारी सहल घ्यावी. खालचा वृत्तांत पासाउहून खाली जाणारीचा आहे, कारण त्या दिशेने शहरं चढत्या आकाराची येतात.

आता राहायची खोली. या बोटी ११० ते १३५ मीटर लांब आणि जवळपास सगळ्या ११.४ मीटर रुंद असतात. रुंदीचं कारण दूरवर आहे: ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यावरचे लॉक बारा मीटर रुंद आहेत आणि १९९२ मध्ये तो कालवा पुरा झाल्यावर दोन्हीकडे चालू शकेल अशीच बोट बांधायची पद्धत पडली. प्रत्येक बाजूला उरतात तीस सेंटिमीटर. रुंदी ठरलेली, म्हणून खोल्याही आटोपशीर, बारा ते सोळा चौरस मीटरच्या. सर्वांत खालच्या मजल्यावर खिडकी पाण्याच्या किंचित वर आणि न उघडणारी. वरच्या दोन मजल्यांवर जमिनीपासून छतापर्यंत काच सरकते आणि बाहेर कठडा असतो, याला फ्रेंच बाल्कनी म्हणतात. त्यात खुर्ची मावत नाही. झोप हलकी असेल तर मजल्यापेक्षा जागा महत्त्वाची: मागे इंजिन, पुढे धक्क्याला लागताना चालणारं आडवं पंखायंत्र, ते रात्री दोनलाही घरघरतं. मधली खोली मागावी.

व्हिसा शेंगेन. चारही देश त्यात येतात, त्यामुळे वाटेत कुठे पासपोर्टची रांग नसते. अर्ज मात्र ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्याच्याकडे करायचा, आणि या सहलीत तो ऑस्ट्रिया आहे, जर्मनी किंवा हंगेरी नव्हे. आधी म्युनिकला तीन-चार दिवस जोडले तर हिशेब पालटतो. दिवस सारखे भरले तर जिथून प्रवेश तो देश. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. बोटीचं बुकिंग दाखवताना कोणती रात्र कोणत्या देशात हे बंदरांच्या नावांसह लिहिलेलं पत्र कंपनीकडून मागून घ्यावं, कारण व्हिसा केंद्रात बोटीचं व्हाउचर म्हणजे मुक्कामाचा पुरावा कसा, हे समजावत बसावं लागतं.

शाकाहाराची सूचना निघण्याच्या महिनाभर आधी द्यावी आणि ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर सोडू नये. तिकडच्या शाकाहारात अंडं असतं. मांसाचा रस्सा नको, अंडं चालतं की नाही, जिलेटिन नको, असं सुटं लिहावं. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांची सोय छोट्या भटारखान्यात अवघड जाते. थालीपिठाची भाजणी नेऊन उपयोग नाही, खोलीत शेगडी लावता येत नाही. गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे डबे चालतात, पण त्यात दुधाची पावडर नाही ना हे पाहावं: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

दिवस पहिला: पासाउ

म्युनिक विमानतळावरून शहरात शिरायची गरज नाही. रीजनल गाडीने लांड्सहूट, तिथे गाडी बदलून पासाउ. बायर्न तिकीट काढलं तर एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर रीजनल गाड्यांतून फिरता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि जलद आयसीई गाड्यांना चालत नाही. विमान त्याच दिवशी उतरणार असेल तर उशीर झाल्यास बोट थांबत नाही, म्हणून एक रात्र आधी पोचणं शहाणपणाचं.

खोल्या साधारण दुपारी तीनला मिळतात, सामान सकाळीही ठेवून घेतात. धक्का नेमका कुठला ते व्हाउचरवर पाहावं. काही बोटी जुन्या गावाला लागून उभ्या राहतात, काही गावाखाली बऱ्याच अंतरावर, आणि पाणी जास्त असलं तर पासाउऐवजी वरच्या व्हिल्सहोफेनहूनही बसवतात.

बोटीवर चढल्यावर रिसेप्शनवर पासपोर्ट ठेवून घेतात आणि एक कार्ड देतात. उतरताना ते घ्यायचं, परतल्यावर जागेवर लावायचं. सुटण्याआधी माणसं मोजायची ती या कार्डांवरून. कार्डावर बोटीचा फोन असतो, त्याचा आणि पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. मग जॅकेट घालून सुरक्षेची तालीम, ती चुकवू नये.

विजेचे सॉकेट गोल आणि खोलगट असतात. दोन बारीक पिनांचा आपला मोबाइल चार्जर थेट बसतो; तीन पिनांच्या वस्तूला अडॅप्टर लागतो आणि तोही बारीक, चौकोनी जाडजूड अडॅप्टर त्या खोबणीत शिरत नाही.

दिवस दुसरा: तीन रंगांचा संगम, मग पहिला लॉक

सकाळ पासाउची. इथे डॅन्यूबला एका बाजूने इन आणि दुसऱ्या बाजूने इल्झ मिळते. इल्झ दलदलीच्या रानातून येते म्हणून काळसर, इन आल्प्समधून हिमनद्यांचा बारीक गाळ घेऊन येते म्हणून हिरवट-राखाडी, आणि डॅन्यूब या दोहोंच्या मधली. टोकावर उभं राहून रंग नीट कळत नाहीत. समोरच्या डोंगरावरच्या ओबरहाउस किल्ल्यावर जावं, वरून तिन्ही पट्टे स्वच्छ वेगळे दिसतात आणि बराच वेळ वेगळेच वाहत राहतात. सरासरी पाहिलं तर इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त, तरी पुढे नाव डॅन्यूबचंच चालतं.

टाउन हॉलच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत. जून २०१३ ची रेघ १२.८९ मीटरची, तिच्या वर फक्त १५०१ ची. या भिंतीखाली उभं राहून मान वर केली की बोटीच्या करारातलं ते मार्ग बदलण्याचं कलम कशासाठी आहे ते समजतं. सेंट स्टीफन कॅथीड्रलमधल्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत. दुपारच्या वादनाचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावं, आणि वादन ऐकायचं असेल तर बोट कधी सुटते हेही.

बोट दुपारी एकच्या सुमारास सुटते आणि तासा-सव्वा तासात २२०३ च्या पाटीशी योखेनश्टाइन येतं. धरणाचं वीजघर १९५६ चं, जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सीमेवर. पहिला लॉक जेवणघरातून न पाहता वर जाऊन पाहावा.

बोट एका लांबट काँक्रीटच्या हौदात शिरते. ऑस्ट्रियातले हे हौद साधारण २३० मीटर लांब, २४ मीटर रुंद, म्हणजे दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात. मागचं दार बंद होतं. पंप कुठेच नाही: तळाच्या झडपा उघडतात आणि पाणी आपल्या वजनाने खालच्या पात्रात निघून जातं. डेकवरचा खलाशी दोराचा फास भिंतीतल्या खुंट्यावर टाकतो. खुंटा भिंतीच्या खाचेत तरंगता असेल तर तो पाण्याबरोबर खाली सरकतो. पक्का असेल तर खलाशाला दर मीटर-दीड मीटरला दोर सोडून खालच्या खुंट्यावर घ्यावा लागतो. उशीर झाला तर बोट दोरावर लटकते, म्हणून त्याच्याशी त्या वेळी बोलू नये. पाच-सात मिनिटांत मघाशी पायांशी असलेला हौदाचा काठ डोक्यावर जातो. भिंत ओली, शेवाळलेली, तिला नदीच्या शिंपल्यांचा वास. खोलीत असाल तर खिडकी अचानक काळी होते. हात बाहेर काढू नये, भिंत हातभर अंतरावर असते. दहाएक मीटर उतरल्यावर पुढचं दार उघडतं. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं. रात्री झोपेत एक हलका धक्का आणि मग पूर्ण शांतता जाणवली तर बोट लॉकमध्ये आहे एवढंच समजावं.

साडेतीनच्या सुमारास २१८७ जवळ श्लोगेनचं वळण. कठीण खडकाला वळसा घालत नदी इथे जवळजवळ उलटी फिरते. सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे खुर्ची धरून बसण्याऐवजी डेकवर चालत राहावं.

याच भागात समोरून येणाऱ्या मालवाहू बोटींकडे पाहावं. सुकाणूघराच्या बाजूला मधूनच निळी पाटी उभी राहते आणि तिच्या मध्यभागी पांढरा दिवा लुकलुकतो. अर्थ असा की नेहमीप्रमाणे डावी बाजू डावीला न ठेवता उजवीने एकमेकांना ओलांडू. बाजू ठरवायचा अधिकार प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या बोटीचा. तिचा वेग कमी आणि ताबा जास्त असतो; खाली येणारीला पाणी मागून ढकलत असतं, तिला चटकन थांबता येत नाही. आपला कप्तान तशीच पाटी दाखवून होकार देतो.

आशाख आणि ओटेन्सहाइमचे लॉक ओलांडून संध्याकाळी सातला लिंत्स, पाटी २१३५. उन्हाळ्यात उजेड नऊपर्यंत असतो, मुख्य चौक धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर १६१२ ते १६२६ इथे राहिला. लिंत्सर टोर्ट घ्यावा: बदाम किंवा हेझलनटच्या पिठाचा, वर जाळी, आत बेदाण्याएवढ्या लाल आंबट करंट फळांचा मुरांबा. त्याची १६५३ ची लिखित कृती सापडली आहे. हा केक टिकतो, घरी न्यायला चालतो.

या दिवशी काही कंपन्या साल्झबुर्गची बससहल विकतात. आमचं मत स्पष्ट आहे: जाऊ नये. बसमध्ये चार-पाच तास जातात, साल्झबुर्ग दोन-तीन तासांत उरकावं लागतं आणि श्लोगेन हातचं निसटतं.

दिवस तिसरा: मेल्क आणि वाखाउ

रात्रीत चार लॉक होतात आणि सकाळी बोट २०३६ ला मेल्कच्या धक्क्याला लागलेली असते. मठावर चालत पंधरा-वीस मिनिटं, शेवटी चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर बसमध्ये नाव द्यावं. बेनेडिक्टाइन साधू इथे १०८९ पासून आहेत. आजची पिवळी-पांढरी बरोक इमारत १७०२ ते १७३६ मधली, आराखडा याकोब प्रान्टाउअरचा. ग्रंथालयात सुमारे एक लाख पुस्तकं, छतावर पाउल ट्रोगरची चित्रं. आत फोटो काढता येत नाहीत. मार्गदर्शकाचा आवाज कानातल्या यंत्रातून येतो, म्हणून गटाच्या मागे राहून निवांत पाहिलं तरी काही चुकत नाही.

अकराच्या आसपास बोट सुटते आणि पुढचे दोन तास कुठेही खाली जाऊ नये. जेवण उशिरा मागावं. मेल्क ते क्रेम्स ही ३६ किलोमीटरची दरी २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाली जाताना काय कोणत्या हाताला हे आधी ठाऊक असलेलं बरं. सुरुवातीला उजवीकडे, पाण्यालगतच्या खडकावर शोनब्युलचा वाडा. मग उजवीकडेच नदीपासून सुमारे तीनशे मीटर उंचावर आगश्टाइनचे भग्न बुरूज. पुढचं सगळं डावीकडे: विलेनडॉर्फ, जिथे १९०८ मध्ये अकरा सेंटिमीटरची ती सुप्रसिद्ध अश्मयुगीन स्त्री-मूर्ती सापडली, मग श्पिट्स, वाइसेनकिर्शेन आणि ड्युर्नश्टाइन.

उतारांवर द्राक्षांच्या पायऱ्या आहेत, दगडी बांधांच्या, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या. बोटीवरून त्या नुसत्या रेघा वाटतात. ड्युर्नश्टाइनला उतरल्यावर एखाद्या बांधाजवळ जाऊन पाहावं: चपटे दगड आतल्या बाजूला किंचित कललेले, मोठ्यांच्या फटीत लहान ठोकून बसवलेले. फटींतून पाणी झिरपून जातं म्हणून पावसात बांध फुगत नाही. दगड दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला देतात. फटींतच पाचूसारखे हिरवे सरडे राहतात, आणि इथल्या सर्वांत भरदार वाइनला त्यांच्यावरूनच ‘स्मारागड’ म्हणजे पाचू हे नाव आहे. तीन दर्जे लक्षात ठेवावेत: श्टाइनफेडर हलकी, अल्कोहोल जास्तीत जास्त ११.५ टक्के, फेडरश्पील ११.५ ते १२.५, स्मारागड किमान १२.५. वाइन न घेणाऱ्यांनी मारिले मागावेत, म्हणजे इथले जर्दाळू. ताजे जुलैत, एरवी मुरांबा आणि रस. बागा फुलतात त्या मार्चअखेर ते एप्रिलमध्ये.

ड्युर्नश्टाइनच्या निळ्या-पांढऱ्या मनोऱ्यापाशी गर्दी असते. तिला मागे टाकून वरच्या किल्ल्यावर जायला वीस ते तीस मिनिटं लागतात. वाट दगडगोट्यांची आहे, सपाट तळव्याचे बूट नकोत. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ११९२ च्या अखेरीस पकडून इथे डांबलं होतं. भिंती पडक्या आहेत, पण दरीचं पूर्ण वळण एका नजरेत फक्त इथूनच दिसतं.

पाणी कमी असेल तर नेमका हाच दिवस बसमध्ये जातो. तसं झालं तर गटाची बस सोडून क्रेम्स ते मेल्क जाणारी स्थानिक बस घ्यावी. ती डाव्या काठाने गावागावांतून जाते आणि वाटेल तिथे उतरता येतं.

दिवस चौथा आणि पाचवा: व्हिएन्ना

सकाळी जाग येते ती १९२९ च्या पाटीशी, राइशब्र्युके पुलाजवळ. ऐतिहासिक व्हिएन्ना इथून दिसतच नाही, आणि पुष्कळांची पहिली निराशा इथे होते. १८७० ते १८७५ मध्ये पूर टाळण्यासाठी नदी सरळ करून नव्या पात्रात वळवली, आणि तेही जुन्या शहरापासून लांबच आहे. जुन्या शहराजवळून वाहतो तो डॅन्यूब कालवा, मूळ नदीचा एक फाटा. नंतर १९७२ ते १९८८ मध्ये दुसरं पात्र खणलं आणि निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांबीचं बेट झालं.

इथे बोटी एकीला एक लागून, कधी तीन-तीन उभ्या राहतात. आपली बोट बाहेरच्या बाजूला असेल तर आतल्या बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं. बाल्कनीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्याची बाल्कनी येते, तेव्हा पडदे ओढावेत. बाल्कनीसाठी जास्त पैसे भरताना हे दोन दिवस हिशेबात धरू नयेत.

बससहल न घेता शहर सहज पाहता येतं. धक्क्याजवळच फोरगार्टनश्ट्रासे हे यू१ मेट्रोचं स्टेशन. चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्स, वर आलं की समोर कॅथीड्रल. दक्षिण मनोरा १३६ मीटर, वर जायला ३४३ पायऱ्या, अरुंद आणि गोल. शोनब्रुनसाठी पुढच्याच कार्ल्सप्लाट्सला उतरून यू४. राजवाड्यात १,४४१ खोल्या असल्या तरी दाखवतात थोड्या. तिकिटावर वेळ असते आणि ते आधी ऑनलाइन काढलं नाही तर उन्हाळ्यात दुपारनंतरची वेळ मिळते. बाग मात्र फुकट आहे आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट मंडपापर्यंत जरूर चढावं. मेट्रोला फाटकं नाहीत, पण कागदी तिकीट निळ्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड जबर.

विलेनडॉर्फची मूर्ती निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, ते मंगळवारी बंद असतं. ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद. इतर महिन्यांत उभं राहून पाहायची स्वस्त तिकिटं मिळतात. रविवारी दुकानं बंद, म्हणून खरेदी असेल तर वार पाहून ठेवावी. कॉफीघरात एका मेलांजवर, म्हणजे फेसाळ दुधाच्या कॉफीवर, दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही आणि सोबत पाण्याचा पेला येतो. शाकाहारींनी सूप मागताना थांबावं, वरून भाज्यांचं दिसणारं सूपही बहुधा बीफच्या रश्शात केलेलं असतं. नाश्मार्क्टच्या बाजारात फलाफल, चीज, ऑलिव्ह यांवर पोटभर जेवण होतं.

पाचव्या दिवशी रात्री बोट सुटते आणि फ्रॉयडेनाउच्या लॉकखाली दुसरा मोकळा पट्टा लागतो. डिसेंबर १९८४ मध्ये हाइनबुर्गजवळ धरण होणार होतं. हजारो लोक कडाक्याच्या थंडीत जंगलात तळ ठोकून बसले, काम थांबलं, आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. बहुतेक बोटी हा भाग अंधारात ओलांडतात, फार वाईट वाटतं. सुटण्याची वेळ संध्याकाळची असेल तर जेवण सोडून डेकवर थांबावं.

दिवस सहावा: ब्रातिस्लाव्हा, आणि गाबचिकोवो

पाटी १८६९. धक्क्यापासून जुनं गाव दहा मिनिटांवर, मार्गदर्शक नसला तरी चालतं. १५६३ ते १८३० हंगेरीचे राज्यकर्ते इथल्या सेंट मार्टिन कॅथीड्रलमध्ये मुकुट घालत, मारिया तेरेझाही १७४१ मध्ये इथेच. मनोऱ्याच्या टोकावर कळसाऐवजी मुकुट आहे. शेजारूनच मोटाररस्ता जातो तो १९७२ च्या पुलाचा. त्या बांधकामात जुनी ज्यू वस्ती आणि तिथलं सिनेगॉग पाडलं गेलं. ब्रिन्झोवे हालुश्की म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं चीज. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ऑर्डर देतानाच ‘बेझ स्लानिनी’ म्हणावं. चलन युरो.

दुपारी बाराला निघालेली बोट तीन-चार तासांत १८१९ च्या पाटीशी पोचते. त्याआधी ती एका उंच बांधलेल्या कालव्यातून जाते. डेकवरून दोन्हीकडे पाहिलं तर गावांची छपरं आपल्या खाली दिसतात. पाणी जमिनीच्या वरून नेलं आहे. शेवटी गाबचिकोवोचा लॉक, ३४ मीटर रुंद, २७५ मीटर लांब, उतार सुमारे वीस मीटर, योखेनश्टाइनच्या दुप्पट. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरीने १९७७ मध्ये दोन धरणांचा करार केला, हंगेरीने १९८९ मध्ये आपलं नाज्मारोशचं काम थांबवलं, वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि निकाल १९९७ मध्ये लागला. नाज्मारोश झालं नाही, म्हणूनच इथून खाली बुडापेस्टपर्यंत नदी मोकळी आहे.

जूनमध्ये जात असाल तर १७१८ च्या पाटीशी एस्तरगोमची बॅसिलिका शेवटच्या उजेडात दिसते, घुमट शंभर मीटर उंच. पुढे विशेग्रादला नदी दक्षिणेकडे वळते. बुडापेस्टमध्ये शिरताना डावीकडे पेश्त, उजवीकडे बुडा. मार्गित पूल गेला की लगेच डावीकडे संसद, १९०४ ची, २६८ मीटर लांब. बोट मध्यरात्रीनंतर पोचणार असेल तर रोषणाई मालवलेली असू शकते, तेव्हा दुसऱ्या रात्रीची फेरी आहे ना हे आधीच विचारावं. आणि डेकवर शिडी, छत्र्या, कठडे आडवे पाडलेले दिसले तर उभं राहू नये: पूल डोक्यावरून अगदी जवळून जातात, सुकाणूघरसुद्धा हायड्रॉलिकवर खाली उतरवतात.

दिवस सातवा: बुडापेस्ट

इथे चलन फोरिंट. कार्ड यंत्र ‘युरोत की फोरिंटमध्ये’ विचारतं, नेहमी फोरिंट निवडावं. दुसऱ्या चलनात दर वाईट लागतो. संसदेचं तिकीट वेळेचं आणि उन्हाळ्यात काही दिवस आधी संपतं, सोबत पासपोर्ट ठेवावा. काठाकाठाने जाणारी २ नंबरची ट्राम, १८९६ ची एम१ मेट्रो आणि १८४९ चा साखळी पूल, एवढ्यात अर्धं शहर होतं. कागदी तिकिटाला इथेही शिक्का लागतो, आणि तपासनीस स्टेशनच्या दाराशीच उभे असतात.

सेचेनी स्नानगृहात जायचं तर पोहण्याचा पोशाख, टॉवेल, चपला घेऊन जावं; लांब पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची. सकाळी लवकर गर्दी कमी. भूक लागली की लांगोश: तळलेली जाड पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय, चीज. पूर्ण शाकाहारी, गरमच खावी.

संसदेच्या दक्षिणेला पाण्याच्या अगदी काठावर लोखंडी जोडे आहेत, साठ जोड, २००५ मध्ये बसवलेले. १९४४-४५ मध्ये अ‍ॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे आणून, जोडे काढायला लावून, गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. जोडे खऱ्या मापाचे आहेत. एक टाच झिजलेला, एक लहान मुलाचा. जवळ वाकून पाहावं, त्यांच्यात पाय घालून फोटो काढू नयेत.

दिवस आठवा

बॅगा सकाळी सहा-सातला दाराबाहेर, नऊच्या आत खोली रिकामी. दुपारीच नवे प्रवासी येणार असतात. टिप सहसा माणशी रोज दहा ते पंधरा युरो सुचवतात, ती तिकिटात धरली आहे का हे पहिल्याच दिवशी विचारलेलं बरं. बिल आदल्या रात्री तपासावं, सकाळी रिसेप्शनवर रांग असते. पासपोर्ट परत घेतल्याशिवाय बोट सोडू नये. विमानतळासाठी देआक चौकातून १००ई बस, तिला वेगळं तिकीट लागतं, शहराचा पास तिथे चालत नाही.